'एन्लार्ज' म्हणजे वाढवणे, मोठे करणे की सोडून देणे?

झेरॉक्सवाला_घाटंजी (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र आहे. गावाकडचा माणूस कागदाची प्रत काढायला येतो तेव्हा प्रत हातात घेऊन तसाच उभा राहतो आणि विचारतो, "भाऊ, याच्यात लिवलं काय हाये, थोडं सांग ना." जेवढे समजते तेवढे मी सांगतो. परंतु 'एन्लार्ज' या एका इंग्रजी क्रियापदाने सध्या मला बुचकळ्यात टाकले आहे, कारण तो शब्द प्रत्येक कागदावर वेगळेच काही बोलतो.

एका कुटुंबाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश प्रत काढण्यासाठी आणला होता. त्यात अर्जदाराला जामिनावर 'एन्लार्ज' करावे, अशा अर्थाचे वाक्य होते. घरातील बारावी झालेल्या मुलाने त्याचा अर्थ 'जामीन वाढवला' असा लावला, त्यावरून काकाजींनी जामिनाची रक्कम वाढवली असे धरले, आणि ते सगळे माझ्या दुकानासमोरच पैशांची जुळवाजुळव करू लागले. दुसरा कागद सोनोग्राफीचा होता. त्यात एका बाईंचे यकृत किंचित 'एन्लार्ज्ड' असल्याचे लिहिले होते. तिसरा दिवाणी दाव्यातील होता आणि त्यात न्यायालयाने मुदत 'एन्लार्ज' केली होती. माझ्या स्वतःच्या फलकावर मात्र 'फोटो एन्लार्ज करून मिळेल' असे गेली अनेक वर्षे रंगवलेले आहे आणि त्याचा अर्थ कोणालाच विचारावा लागत नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे की, या क्रियापदाचे मूळ काय, ते कोठे वापरतात, आणि 'एक्स्टेंड', 'एक्स्पांड', 'इन्क्रीज', 'मॅग्निफाय' या त्याच्या भावकीतल्या शब्दांपासून ते वेगळे कसे ओळखावे, हे सविस्तर सांगावे. शब्दकोशात 'मोठे करणे' एवढेच सापडते आणि त्याने न्यायालयाच्या कागदाचा उलगडा होत नाही.

तालुका_वकील

आपण विचारलेल्या पहिल्या कागदापासून सुरुवात करतो, कारण त्यातील गैरसमजाने माणसाची झोप उडू शकते. 'जामिनावर एन्लार्ज करणे' म्हणजे जामिनावर मुक्त करणे. त्या कुटुंबाचा अर्ज मंजूर झालेला आहे आणि त्यात रक्कम वाढण्याचा काहीही संबंध नाही.

अशा वाक्यात क्रियापदाचे कर्म कोणते आहे, हे पाहिले की गोंधळ संपतो. 'एन्लार्ज' होतो तो माणूस. जामीन 'एन्लार्ज' होत नाही. याउलट अटकपूर्व जामिनाच्या प्रकरणात न्यायालय आधी काही दिवसांपुरते अंतरिम संरक्षण देते आणि पुढच्या तारखेला ते 'एक्स्टेंड' करते. तेथे कर्म जामीन किंवा संरक्षण हे असते आणि 'जामिनाची मुदत वाढवली' असे मराठीत म्हणणे बरोबर ठरते. बारावीच्या मुलाने लावलेला अर्थ या दुसऱ्या प्रकारच्या आदेशाला लागू पडला असता. जामिनाची रक्कम वाढवायची असेल तेव्हा न्यायालये साधारणतः 'एन्हान्स' किंवा 'इन्क्रीज' हे शब्द वापरतात.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४३९ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४८३, या दोन्ही ठिकाणी कायद्याने स्वतः साधा 'रिलीज' हा शब्द वापरला आहे. 'एन्लार्ज' हा आपल्या न्यायालयांच्या आदेशांचा आणि आम्हा वकिलांच्या अर्जांचा लाडका शब्द आहे. इंग्लंडमधील रोजच्या इंग्रजीत तो या अर्थाने केव्हाच मागे पडला, परंतु भारतीय न्यायालयांत तो अजून ठणठणीत आहे. एका पिढीच्या टंकलेखकाने केलेला नमुना पुढच्या पिढीने संगणकावर चढवला आणि शब्द टिकला, असे माझे मत आहे.

आता मुदतीविषयी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १४८ याच नावाचे आहे, 'एन्लार्जमेंट ऑफ टाइम'. न्यायालयाने एखादी गोष्ट करण्यासाठी नेमून दिलेली मुदत न्यायालय स्वतःच्या विवेकाने वाढवू शकते, आणि मूळ मुदत संपून गेल्यानंतरही वाढवू शकते, असे ते कलम सांगते. १९९९ च्या दुरुस्तीने, जी १ जुलै २००२ पासून अमलात आली, त्यात एकूण ३० दिवसांची मर्यादा घातली गेली. मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सालेम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, पक्षकाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने काम राहिले असेल तर ही मर्यादा न्यायालयाचे हात पूर्णपणे बांधत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या तिसऱ्या कागदाचा अर्थ 'मुदतवाढ दिली' असा सरळ सांगावा.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक

वकीलसाहेबांनी व्यवहार सांगितला, मी मुळाकडे जातो. लॅटिनमधील 'लार्गस' या विशेषणाचा अर्थ विपुल, सढळ हाताचा असा होता. इंग्रजीत देणगीसाठी असलेला 'लार्जेस' हा शब्द त्याच वंशातला. तो शब्द फ्रेंचमध्ये पोहोचला तेव्हा त्याला 'रुंद, प्रशस्त' असा अर्थ आला आणि आजही फ्रेंच माणूस 'लार्ज' म्हणतो तेव्हा त्याला 'रुंद' म्हणायचे असते. जुन्या फ्रेंचमधून 'एन्लार्ज' इंग्रजीत आला तो ही प्रशस्तपणाची छटा घेऊनच. ज्याच्याभोवती जागा आहे, जो आवळलेला नाही, तो 'लार्ज'. म्हणून पळालेला कैदी 'अ‍ॅट लार्ज' असतो आणि कैद्याला बाहेर काढणे हे 'एन्लार्ज' करणे ठरते. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ' नाटकाच्या दुसऱ्या अंकात आदल्या दिवशी कोठडीत टाकलेल्या माणसाला सोडून देण्याची आज्ञा राजा याच क्रियापदाने करतो. नागपूरच्या आदेशातील शब्द त्यामुळे चुकीचा नाही, फार तर म्हातारा आहे.

आपल्या भाषेत या जोडअर्थासाठी दूर जाण्याची गरज नाही. 'मोकळा' हा शब्द पाहा. घरासमोर मोकळी जागा असते आणि जामिनावर माणूसही मोकळा होतो. जागेचा ऐसपैसपणा आणि बंधनातून सुटका या दोन्ही गोष्टी आपण एकाच शब्दात ठेवल्या आहेत. त्या काकाजींना कोणी "पोराले जामिनावर मोकळा केला" असे सांगितले असते, तर त्यांना शब्दकोशाची आठवणही झाली नसती. अडचण 'वाढवणे' या शब्दाने केली, आणि तो शब्द आपल्याकडे तसाही बेभरवशाचा आहे. आपण नारळ वाढवतो म्हणजे फोडतो, दिवा वाढवतो म्हणजे मालवतो, पंगतीत वाढतो म्हणजे ताटात घालतो.

आता भावकीतल्या शब्दांकडे येतो. 'एन्लार्ज' मध्ये वस्तूचा आकार किंवा एखाद्या गोष्टीची व्याप्ती मोठी होते: घर, खिडकी, छायाचित्र, समितीतील सभासदांची मंडळी, शब्दसंग्रह. भाव, पगार, तापमान, लोकसंख्या या मोजायच्या गोष्टी आहेत; त्या 'इन्क्रीज' होतात आणि कापसाचा भाव 'एन्लार्ज' झाला असे इंग्रज कधीही म्हणणार नाही. 'एक्स्टेंड' च्या पोटात ताणण्याची क्रिया आहे, त्यामुळे तेथे लांबी किंवा काळ पुढे सरकतो: कुंपण पुढे नेले, अर्जाची शेवटची तारीख पुढे ढकलली. 'एक्स्पांड' म्हणजे पसरणे आणि तेथे वस्तू बहुधा स्वतःच फुगते. आपल्या चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात रेल्वेचा रूळ 'एक्स्पांड' होतो. १३ मीटर लांबीचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर लांब होईल. पण त्या रुळाला कोणी 'एन्लार्ज' केले असे म्हणत नाही, कारण तेथे मोठे करणारा हात नाही.

'मॅग्निफाय' चा विषय थोडा वेगळा आहे, कारण तेथे मूळ वस्तूला काहीच होत नाही. भिंगाखाली तुरीच्या पानावरची अळी मोठी दिसते, अळी आहे तेवढीच राहते. आणि म्हणूनच राईचा पर्वत करणाऱ्या माणसाच्या बाबतीत इंग्रजी हेच क्रियापद वापरते, 'एन्लार्ज' नाही.

एक प्रयोग आपल्या यादीत नव्हता. 'एन्लार्ज' च्या पुढे 'ऑन' किंवा 'अपॉन' आले की अर्थ एकदम बोलण्याकडे वळतो: एखाद्या मुद्द्यावर अधिक विस्ताराने बोलणे. सभेत अध्यक्ष पाहुण्यांना या विषयावर 'एन्लार्ज' करण्याची विनंती करतात, ती या अर्थाने. मात्र परीक्षेतील कल्पनाविस्तारासाठी 'एक्स्पान्शन' हाच शब्द रूढ आहे, तो बदलू नये.

परिचारिका_आरमोरी

सोनोग्राफीच्या कागदाबद्दल थोडे लिहिते, कारण आमच्या भागात या शब्दाने बायामाणसे फार घाबरतात. अहवालात अवयव 'एन्लार्ज्ड' असे लिहिले जाते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की, मोजलेला आकार नेहमीपेक्षा जास्त आहे. ते निरीक्षण असते, आजाराचे नाव नसते, आणि त्यातून गाठ किंवा कर्करोग आहे असा अर्थ निघत नाही. यकृतात चरबी साठल्याने, काविळीने, दारूने, हृदयाच्या दुखण्याने अशा अनेक कारणांनी यकृत मोठे होते. कारण कोणते हे डॉक्टर इतर तपासण्यांवरून ठरवतात. 'किंचित' हा शब्दही मोजमापातूनच आलेला असतो. म्हाताऱ्या माणसांच्या अहवालात प्रोस्टेट ग्रंथीबद्दल हाच शब्द वारंवार दिसतो आणि ती वाढ सहसा वयानुसार बहुतेकांमध्ये होणारी, कर्करोग नसलेली वाढ असते.

पाणथरीच्या (म्हणजे प्लीहा, इंग्रजीत 'स्प्लीन') बाबतीत मात्र या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात मलेरिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार आहेत आणि दोन्हींमध्ये पाणथरी वाढते. मलेरियाच्या जुन्या सर्वेक्षणांत २ ते ९ वर्षांच्या मुलांची पोटे हाताने तपासून किती मुलांची पाणथरी वाढली आहे हे मोजत आणि त्यावरून त्या भागातील मलेरियाचा जोर ठरवत. सिकलसेलच्या लहान मुलांमध्ये विळ्यासारख्या आकाराच्या रक्तपेशी पाणथरीत अडकतात आणि ती मोठी होते. पुढे पुन्हा पुन्हा रक्तपुरवठा तुटल्याने तीच पाणथरी आक्रसून निकामी होते. त्यामुळे मोठ्या वयाच्या रुग्णाच्या अहवालात ती 'एन्लार्ज्ड' नसणे ही नेहमीच चांगली बातमी नसते. सिकलसेलच्या बाळाची पाणथरी अचानक वाढली, बाळ पांढरे पडले आणि मलूल झाले, तर रक्त पाणथरीतच तुंबलेले असू शकते. अशा वेळी कागदाचा अर्थ कोणाला विचारत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. सिकलसेलच्या मुलांच्या आईला पोटावर हात ठेवून पाणथरी तपासायला आम्ही शिकवतो.

आपल्या केंद्रावर कोणी असा कागद आणला तर 'यकृत वाढले आहे' याऐवजी 'यकृताचा आकार थोडा मोठा दिसतो आहे, कारण डॉक्टर सांगतील' असे म्हणावे, अशी माझी विनंती आहे.

झेरॉक्सवाला_घाटंजी

ताईंचे वाक्य मी दुकानात लिहूनच ठेवतो. वकीलसाहेबांचे आणि सरांचेही मनापासून आभार. आता माझ्या धंद्यातल्या 'एन्लार्ज' बद्दल मीही थोडे सांगतो, कारण या शब्दावर सर्वांत जास्त वाद माझ्याच टेबलावर होतात.

ए-४ कागद ए-३ वर न्यायचा असेल तर यंत्रावर १४१ टक्के असा आकडा घालावा लागतो. गिऱ्हाईक म्हणते, कागद दुप्पट झाला तर २०० टक्के का नाही? कारण तो आकडा लांबी-रुंदीचा आहे, क्षेत्रफळाचा नाही. २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद २९७ बाय ४२० चा होतो. प्रत्येक बाजू सुमारे १.४१ पट आणि क्षेत्रफळ दुप्पट. उलट जाताना ७१ टक्के. २०० टक्के घातले तर क्षेत्रफळ चौपट होईल आणि अर्धाअधिक मजकूर कागदाबाहेर जाईल.

छायाचित्राची तक्रार अधिक नाजूक असते. घरातील माणूस गेल्यावर तेरवीच्या आधी लोक त्याचा एकुलता एक पासपोर्ट आकाराचा फोटो घेऊन येतात आणि तो १२ बाय १५ इंचांचा करून मागतात. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा फोटो इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने स्कॅन केला तर रुंदीत सुमारे ४१३ ठिपके मिळतात. तेच १२ इंचांवर पसरले की इंचाला ३४ ठिपके उरतात आणि चेहरा चौकड्यांचा दिसू लागतो. जास्त ठिपक्यांनी स्कॅन केल्याने थोडा फरक पडतो, पण छापील फोटोत जो तपशील नाही तो यंत्र कोठून आणणार? जुन्या काळी अंधारखोलीत एन्लार्जर नावाच्या यंत्रातून निगेटिव्हवरचा प्रकाश मोठ्या कागदावर पाडत, आणि निगेटिव्हमध्ये पुष्कळ तपशील साठलेला असल्याने ते काम देखणे होई. हल्ली मोबाईलमधील काही अ‍ॅप गहाळ तपशील आपल्या अंदाजाने भरतात, त्यावर मात्र माझा भरवसा नाही. आबाजींच्या जागी दुसऱ्याच कोणाचे डोळे बसवलेले पाहून घरचे लोक गोंधळतात.

सरांना एक शंका विचारतो. मुदतीसाठी कायद्याने 'एन्लार्ज' वापरले आहे आणि आपण तर काळासाठी 'एक्स्टेंड' सांगितले. मग बरोबर काय?

भूमापन_सेवानिवृत्त

सरांच्या उत्तराची वाट पाहताना झेरॉक्सच्या विषयात एक सूचना जोडतो. गावनकाशाची किंवा मोजणीच्या नकाशाची प्रत मोठी करून देत असाल तर नकाशावर लिहिलेले प्रमाण खोटे पडते, हे गिऱ्हाइकाला अवश्य सांगावे. समजा मूळ नकाशा १ : ४००० प्रमाणाचा आहे. १४१ टक्के मोठा केल्यावर तो सुमारे १ : २८३० चा झाला, पण कोपऱ्यात छापलेला आकडा ४००० च राहिला. शेजारी-शेजारी बांधावरून भांडत असताना अशा प्रतीवर पट्टी ठेवून अंतर काढणारा माणूस प्रत्यक्षातल्या १०० मीटरच्या धुऱ्याला १४१ मीटर समजेल. नकाशावर पट्टीच्या स्वरूपात काढलेले प्रमाण असेल तर ते नकाशाबरोबरच मोठे होते आणि त्यावरून मोजता येते. तरीही कागद ताणला जातो आणि रेघेची जाडीही वाढते, त्यामुळे हद्द ठरवायची असेल तर मोजणीचा रीतसर अर्जच करावा.

तालुका_वकील

सरांच्या वतीने मीच उत्तर देतो, कारण हा वाद आमच्या घरातला आहे. रोजच्या इंग्रजीत काळासाठी 'एक्स्टेंड' हेच योग्य, सरांचे सांगणे बरोबर आहे. कायद्यात दोन्ही शब्द नांदतात. मुदतीच्या १९६३ च्या अधिनियमाचे कलम ५, जे अपील उशिरा दाखल झाल्यास विलंब माफ करण्यासाठी वापरतात, ते 'एक्स्टेन्शन' म्हणते. आणि न्यायालयाने स्वतः दिलेल्या मुदतीबद्दलचे कलम १४८ 'एन्लार्ज' म्हणते. लवादाच्या १९४० च्या अधिनियमातील कलम २८ मध्ये निवाड्याची मुदत न्यायालयाने 'एन्लार्ज' करण्याची तरतूद होती. १९९६ च्या अधिनियमात २०१५ साली आलेल्या कलम २९ अ मध्ये त्याच कामासाठी 'एक्स्टेंड' आहे. नवे कायदे जुना शब्द हळूहळू टाकत आहेत, असे यावरून दिसते. मराठीत दोन्हींना 'मुदतवाढ' म्हटले तरी पक्षकाराचे काहीही बिघडत नाही.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक

मान्य आहे. मी विद्यार्थ्यांना अर्ज लिहायला शिकवताना 'एक्स्टेंड' च शिकवीन आणि कलम १४८ वाचायची वेळ आली तर वकीलसाहेबांकडे पाठवीन.

झेरॉक्सवाला_घाटंजी

ते कुटुंब उद्या पुन्हा येणार आहे. त्यांना 'मोकळा केला' एवढे सांगितले की काम झाले ना?

तालुका_वकील

एवढ्यावर थांबू नका. ज्या वाक्यात 'एन्लार्ज' आहे त्याच वाक्यात पुढे जातमुचलक्याची (आरोपीने स्वतः लिहून द्यायच्या हमीपत्राची) रक्कम आणि जामीनदार किती हे लिहिलेले असते. ते पूर्ण केल्याशिवाय कारागृहातून सुटका होत नाही. त्याखाली क्रमांक घातलेल्या अटी असतात: पोलीस ठाण्यात ठरलेल्या दिवशी हजेरी, साक्षीदारांशी संपर्क न ठेवणे, कधी जिल्ह्याबाहेर न जाणे. या अटी मोडल्या तर जामीन रद्द करण्यासाठी अर्ज होऊ शकतो. काकाजींना आधी ती रक्कम आणि मग एकेक अट वाचून दाखवा, आणि जामीनदार म्हणून जो उभा राहणार आहे त्याला सातबारा, आधार कार्ड आणि फोटो घेऊन त्यांच्या वकिलांकडे पाठवा.